वातकुक्कुट

वारा कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. परंतु त्याच्या येण्याजाण्याकडे डोळे लावून बसणारे पुष्कळ असतात. खळ्यावर धान्य उफणण्यासाठी उभा राहिलेला शेतकरी आधी मूठभर भूस वर उडवतो आणि ते कोणीकडे पडते हे पाहून मगच सूप हाती धरतो. शिडाच्या गलबतांच्या काळी तांडेल डोलकाठीवरच्या फडक्यावर नजर ठेवूनच सुकाणू फिरवीत असे. चुलीचा धूर, झाडांचे शेंडे, देवळावरचा ध्वज ही सारी वाऱ्याची बोलकी खूण होय. तथापि वारा कोणत्या दिशेने येतो हे रोज, ठरलेल्या वेळी आणि नेमके सांगावयाचे असेल, तर त्यासाठी एक साधन लागते. या साधनास वातकुक्कुट असे म्हणतात. कुक्कुट म्हणजे कोंबडा. उंच खांबावर बसवलेला हा धातूचा कोंबडा स्वतःभोवती फिरतो आणि ज्या दिशेकडून वारा येतो, त्या दिशेकडे तोंड करून स्थिर होतो. वारा कोणीकडे जातो हे तो सांगत नाही. कोठून येतो हे सांगतो. म्हणूनच नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यांना आपण नैर्ऋत्य वारे म्हणतो.

ही युक्ती फार जुनी आहे. ग्रीस देशातील अथेन्स नगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक संगमरवरी अष्टकोनी मनोरा आजही उभा आहे. त्याच्या माथ्यावर एके काळी हातात काठी घेतलेली समुद्रदेवतेची ब्राँझची मूर्ती होती. वारा येई तिकडे ती तोंड फिरवीत असे. पुढे युरोपातील ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांच्या शिखरांवर कोंबडा बसवण्याची चाल पडली. इटलीतील ब्रेशा शहराच्या संग्रहालयात नवव्या शतकातील असा एक कोंबडा जपून ठेवलेला आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहरी फॅन्यूइल हॉल नावाच्या इमारतीवर तर कोंबड्याच्या जागी चक्क नाकतोडा आहे! शेम ड्राउन नावाच्या कारागिराने तो १७४२ साली तांब्याचा घडवला, त्यावर सोन्याचा वर्ख चढवला आणि त्यास काचेचे डोळे बसवले. १७५५ सालच्या भूकंपात हा नाकतोडा खाली कोसळला, १७६१ सालच्या आगीतही त्याची मोडतोड झाली. परंतु कारागिराच्या मुलाने १७६८ साली त्याची डागडुजी केली, आणि तो पुन्हा वारा सांगू लागला.

तांबे हवापाण्यात दीर्घकाळ टिकते. परंतु ते महाग पडते. पोलादाचा पत्रा त्यामानाने स्वस्त, ताठ आणि बळकट असतो. मात्र त्यास एक वैरी आहे, तो म्हणजे गंज. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हा वैरी अधिकच बळावतो. कोकण किनाऱ्यावरील एका शाळेस याचा चांगलाच अनुभव आला.

त्या शाळेच्या कौलारू छपरावर एक जुना पोलादी वातकुक्कुट होता. मुले रोज सकाळी शाळा भरताना आणि दुपारी शाळा सुटताना पाळीपाळीने त्याकडे पाहत आणि वाऱ्याची दिशा एका वहीत टिपून ठेवीत. मार्गशीर्षातील एके सकाळी ही पाळी सातवीतील एका मुलीकडे आली. गुरुजींनी त्याच आठवड्यात खारे वारे आणि मतलई वारे यांचा धडा शिकवला होता. दिवसा जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते, म्हणून वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात. ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. ते मतलई वारे. थंडीच्या दिवसांत सकाळी हे मतलई वारे चांगले जाणवतात. मुलीने वर पाहिले, तो कोंबड्याचे तोंड पश्चिमेस, समुद्राकडे! मग तिने शेजारच्या घरांकडे पाहिले. तेथील चुलींचा धूर सरळ समुद्राच्या दिशेने चालला होता. म्हणजे वारा पूर्वेकडून येत होता. तिने वहीची मागील पाने चाळली. श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक, सकाळ असो वा दुपार, सर्वत्र एकच शब्द लिहिलेला होता, ‘पश्चिम’.

गुरुजींनी शिडी लावून कोंबड्यास हात लावून पाहिला. तो जागचा हलेना. खांबाच्या टोकाशी गंज धरून तो घट्ट बसला होता. तो कधी अडकला हे कोणासही सांगता आले नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर वारे बहुधा पश्चिमेच्या बाजूनेच येतात. त्यामुळे अडकलेला कोंबडाही तेव्हा खरेच सांगत असल्यासारखा भासला. ऋतू पालटला, वारे पालटले. कोंबडा मात्र तसाच राहिला. कित्येक महिन्यांची ती सुबक अक्षरांतील वही एका क्षणात निरुपयोगी ठरली.

नवा वातकुक्कुट करावयाचे ठरले. गावात एक वृद्ध लोहार होते. मुले त्यांना आजोबा म्हणत. त्यांनी काम अंगावर घेतले. पण एक अट घातली. “कोंबडा तुमचा, तेव्हा हातही तुमचे लागले पाहिजेत. मी सांगेन, तुम्ही घासाल.” मुलांना तर हेच हवे होते.

प्रथम कागदावर कोंबड्याचे चित्र काढण्यात आले. झुपकेदार शेपटी, डोक्यावर तुरा, किंचित उघडी चोच. वर्गात चित्रकला उत्तम असणाऱ्या एका मुलाने चोचीच्या पुढे, दांड्याच्या टोकाशी, एक टपोरे कमळ काढले. ते सर्वांना फार आवडले. आजोबांनी चित्र निरखून पाहिले, क्षणभर ते घुटमळले. परंतु काही बोलले नाहीत. मग सुमारे दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर खडूने चित्र उतरवले गेले. सरळ रेषा करवतीने कापल्या, वळणे छिन्नीने तोडली, आणि मग कानस चालू लागली. छिन्नीने तोडलेली कड करवतीच्या दात्यांसारखी बोचरी असते. ती घासून गुळगुळीत करावयाची, म्हणजे चिकाटीचे काम. त्या मुलाने चार दिवस एकट्याने कमळाच्या पाकळ्या घासल्या. त्याच्या बोटांना फोड आले. पण पाकळी पाकळी अशी उठून दिसू लागली, की पाहणाऱ्याने पाहतच राहावे.

कोंबडा आणि कमळ एका आडव्या दांड्यावर रिव्हेटांनी बसवण्यात आले. आता तोल पाहावयाचा होता. आजोबांनी कानशीची धार वर करून तिच्यावर तो दांडा आडवा ठेवला आणि हळूहळू सरकवला. एका जागी दांडा तराजूच्या दांडीसारखा समतोल राहिला. तेथे खूण करून त्यांनी खाली एक उभी नळी जोडली. नळीचे वरचे तोंड बंद होते. आत सायकलीचा एक पोलादी छर्रा टाकून ती नळी खांबाच्या टोकावर टोपीसारखी घातली. कोंबड्याचा सारा भार आता त्या इवल्याशा छऱ्यावर आला. बोटाने स्पर्श करताच कोंबडा गरकन फिरला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, काम झाले!

परंतु खरी परीक्षा वाऱ्यापुढे होती. आजोबांनी खांब अंगणात उभा केला. दुपारचा खारा वारा सुटला होता. कोंबडा किंचित वळला, घुटमळला, मागे फिरला आणि वाऱ्याला आडवाच होऊन राहिला. मोठी झुळूक आली, तशी त्याने मान हलवली. पण तोंड काही समुद्राकडे केले नाही.

“आजोबा, तोल तर बरोबर होता!” मुलगी म्हणाली.

“तोल वजनाचा बरोबर होता, बाय,” आजोबा म्हणाले. “पण वारा वजन बघत नाही, तो अंग बघतो. शेपटीचे अंग मोठे हवे आणि तोंडाकडचे लहान. म्हणजे वारा शेपटीला मागे रेटतो आणि तोंड आपोआप समोर येते. इथे हे कमळ शेपटीइतकाच वारा धरते. एक बैल पुढे ओढतो, दुसरा मागे. गाडी हलेल कशी?”

सर्वांचे डोळे कमळाकडे वळले, आणि मग ते घडवणाऱ्या मुलाकडे. त्याचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, “आजोबा, छपरावर इतक्या उंच ठेवल्यावर सगळे खालूनच पाहणार. थोडा कमी फिरला, तर कोणाला कळणार आहे? दिसेल तर छान!”

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी कोपऱ्यात पडलेल्या जुन्या, गंजलेल्या कोंबड्याकडे बोट दाखवले. “तो सुद्धा खालून छानच दिसत होता,” ते एवढेच म्हणाले. मग त्यांनी छिन्नी आणि हातोडा त्या मुलापुढे ठेवला व आपण भात्याशी जाऊन बसले. कमळ तोडा, असे त्यांनी सांगितले नाही. तोडू नका, असेही सांगितले नाही.

अंगणात शांतता पसरली. मुलाने एकवार पाकळ्यांवरून हात फिरवला. नंतर त्याने छिन्नी उचलली आणि एकेका रिव्हेटचे डोके उडवले. कमळ अलगद त्याच्या हातात आले. त्याने मान वर केली, तेव्हा आजोबा त्याच्याजवळ उभे होते. “कमळ टाकायचे नाही,” ते म्हणाले. “खांब काही फिरत नाही. जे फिरत नाही, त्याला कितीही नटवा. खांबाच्या खालच्या अंगाला हे बसवू. जाता-येता लहान पोरांनाही दिसेल.” मुलाचे डोळे चमकले. छपरावर ते कमळ कोणाला एवढ्या जवळून दिसणार होते?

आता कमळ गेल्याने पुढची बाजू हलकी झाली. तोल पुन्हा बिघडला. यावर आजोबांनी तोडगा काढला. दांड्याच्या पुढच्या टोकाशी त्यांनी एक आखूड, जाड बोल्ट घट्ट बसवला. त्याचे वजन कमळाएवढे होते, परंतु अंग बोटाच्या पेराएवढे. वजन दोन्हीकडे सारखे झाले आणि वारा धरणारे अंग मागेच राहिले. या वेळी खांबावर ठेवताच कोंबडा अर्धा वळसा घेऊन समुद्राकडे वळला, एकदोनदा डुलला आणि स्थिर झाला. मुले ओरडली नाहीत. ती नुसती पाहत राहिली.

घडण पुरी झाली, म्हणजे अर्धे काम झाले; उरलेले अर्धे रंगणावळीचे असते, असे आजोबांचे मत होते. नवीन पत्र्यावर करड्या रंगाचा एक पातळ पापुद्रा असतो. त्याच्यावर रंग दिला, तर पापुद्र्याबरोबर रंगही सुटून येतो. म्हणून तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश पेपराने घासून मुलांनी सारा पत्रा पांढराशुभ्र केला. तेलकटपणा पुसून काढला. त्यानंतर उघड्या हाताने कोणी कोंबड्यास शिवावयाचे नाही, असा हुकूम सुटला. कारण घामात मीठ असते, आणि जेथे बोट उमटते तेथे गंजाचे बीज पडते. कडांवर आजोबांचा विशेष कटाक्ष होता. धारदार कडेवर रंग ठरत नाही. तो दोन्ही बाजूंना ओघळतो, कड उघडी राहते, आणि गंज नेमका तेथूनच आत शिरतो. म्हणून प्रत्येक कड, प्रत्येक पीस पुन्हा कानशीने किंचित गोल करण्यात आले.

त्याच दिवशी, सायंकाळची दमट हवा सुटण्यापूर्वी, अस्तराचा पहिला हात देण्यात आला. पूर्वी अस्तरासाठी तेलात शेंदूर कालवीत असत. परंतु शेंदरात शिसे असते व ते शरीरास घातक असते. म्हणून आजोबांनी जस्ताचे अस्तर आणवले होते. ते वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात झाले. तुरा तांबडा, अंग काळे, शेपटी हिरवी. नळीच्या आत मात्र रंग लावला नाही. तेथे वंगण भरले, आणि पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून वर पत्र्याचे एक छोटे छत्र बसवले. जुना कोंबडा नेमका याच जागी दगावला होता.

नळीला रंगाचा हात देताना मुलगी दांड्याच्या खालच्या बाजूस पोहोचली. ती बाजू वर बसवल्यावर दिसणार नव्हती. तिने विचारले, “आजोबा, इथे कोण पाहणार?”

“माणसे पाहणार नाहीत,” आजोबा म्हणाले, “पण खारा वारा पाहील.”

रंग वाळल्यावर तोल पुन्हा पाहिला, तो शेपटी किंचित जड झालेली. रंगालाही वजन असते! बोल्टाला एक वॉशर घालताच तोल जुळला.

शेवटी दिशादर्शक दांडे बसवण्याची वेळ आली. हे दांडे फिरत नाहीत. त्यांच्या टोकांना ‘पू’, ‘प’, ‘उ’ आणि ‘द’ ही अक्षरे असतात. एका मुलाने होकायंत्र आणले. परंतु खांबाजवळ नेताच त्याची सुई वेडीवाकडी वळू लागली. गुरुजी हसले. खांब पोलादाचा, तो सुईला आपल्याकडे ओढणारच. मग त्यांनी आपल्या देशातील फार जुनी रीत काढली. मोकळ्या पटांगणात एक सरळ काठी उभी रोवली आणि तिच्याभोवती वर्तुळ काढले. सकाळी काठीच्या सावलीचे टोक आखडत आखडत वर्तुळास जेथे टेकले, तेथे एक खुंटी ठोकली. दुपारी सावली लांबत जाऊन पुन्हा जेथे वर्तुळास टेकली, तेथे दुसरी. पहिली खुंटी पश्चिमेस आणि दुसरी पूर्वेस. दोन्हींमधून ताणलेली दोरी म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा होय. त्या रेषेला धरून अक्षरे पक्की करण्यात आली. खांब या वेळी छपरावर न ठेवता झाडांपासून दूर, मोकळ्या पटांगणात उभारला. कारण इमारती आणि झाडे वाऱ्याला अडवतात व त्याची दिशा मोडतात. वेधशाळांतही वारा मोजण्याची साधने मोकळ्या जागी, जमिनीपासून दहा मीटर उंचीवर ठेवण्याचा दंडक आहे. शाळेचा खांब तेवढा उंच नव्हता. पण जागा निवडण्यात कसूर राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धूर समुद्राकडे चालला होता आणि कोंबडा पूर्वेकडे पाहत होता. दुपारी खारा वारा सुटला, तसा तो सावकाश फिरला आणि त्याने पश्चिमेकडे तोंड केले. मुलीने वही उघडली. एका ओळीत दोन निरनिराळ्या दिशा त्या वहीत कित्येक महिन्यांनी प्रथमच लिहिल्या जात होत्या. मागील पानांचे काय करावयाचे, हा प्रश्न उरला. कोणी म्हणाले, पाने फाडून टाकावी. कोणी म्हणाले, अंदाजाने दुरुस्त करावी. गुरुजींनी दोन्ही गोष्टींस नकार दिला. मग मुलीने त्या पानांच्या आरंभी तांबड्या शाईने लिहिले, ‘या काळात यंत्र अडकलेले होते, या नोंदी विश्वासार्ह नाहीत.’ वहीतील सर्वांत खरे वाक्य कदाचित तेच असेल.

वारा वाहील तशी पाठ फिरवावी, असे व्यवहारी लोक सांगतात. वातकुक्कुटाकडे पाहून काहींना ही म्हण आठवते व ते त्यास चंचल समजतात. परंतु नीट पाहिले तर त्याचे वागणे याच्या अगदी उलट आहे. तो वाऱ्याला पाठ देत नाही. वारा कोठूनही येवो, तो त्याच्याकडे तोंड करून उभा राहतो. त्याचा खांब जमिनीत पक्का रोवलेला असतो, म्हणूनच त्याला वर मोकळेपणाने फिरता येते. वादळ असो वा झुळूक, जे खरे आहे तेच तो दाखवतो, आणि हे करता यावे म्हणून त्याच्या पोटात कोणाला न दिसणारा एक छर्रा स्वच्छ आणि वंगणात भिजलेला ठेवावा लागतो. मुले आता दर पावसाळ्यापूर्वी शिडी लावून त्या छऱ्याला ताजे वंगण भरतात. खाली खांबाशी पोलादी कमळ उमललेले असते. आणि पहिलीतील मुले वर पाहण्याआधी त्याच्या पाकळ्यांवरून हात फिरवून पुढे जातात.